ट्विन टब, मँगल आणि सोमवारचं धुणं : जुनी ब्रिटिश वॉशिंग मशिनं

गॅरेजमास्तर | शनिवार, रात्री १०:१५

डर्बीत आमच्या शेजारी एक आजीबाई राहतात. वय ८८, पाठीचा कणा आमच्यापेक्षा ताठ. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाने गॅरेज आवरायला घेतलं. रंगाचे वाळलेले डबे, सायकलची चाकं, तीन पिढ्यांची ख्रिसमसची झाडं, आणि सगळ्यात मागे जुन्या चादरीखाली झाकलेला एक पांढरा ठोकळा. म्हटलं फ्रीज असेल. चादर ओढली तर ट्विन टब! मुलगा म्हणाला, "उद्या भंगारात." मी तोंडाने "असं का" म्हणत होतो, तोवर हात मशीनच्या कडेला लागलेसुद्धा होते. त्याला चार चाकं आहेत, त्यामुळे ते आमच्या गॅरेजपर्यंत स्वतःच्या पायांनी आलं असं मी बायकोला सांगितलं. तिने काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

वर्णन : पांढरं एनॅमल, जागोजागी टवके. वरचं झाकण बंद केलं की छोटा ओटा तयार होतो. डावीकडे धुवायचा मोठा टब, उजवीकडे पिळायचा लहान. पुढे दोन गोल बटणं, एक घड्याळाचं, एक तापमानाचं. कंपनीचा बिल्ला कधीच निखळलाय, त्याची दोन भोकं तेवढी उरलीत. मोठ्या टबात मधोमध रवीसारखा एक खांब उभा आहे.

मी इंग्लंडात आलो २००६ साली. म्हणजे या मशीनशी माझं बालपणीचं नातं शून्य. तरीही त्याचं झाकण उघडून मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो. नंतर शोधायला लागलो तर कळलं, मी एकटा नाही. इथे लोक घरामागच्या शेडमध्ये पंधरा-पंधरा, वीस-वीस जुनी मशिनं बाळगून आहेत. एकमेकांकडे जातात, मळके टॉवेल सोबत नेतात, झाकण उघडं टाकून पाणी घुसळताना बघतात. नुसत्या आवाजावरून मॉडेल ओळखणारे महाभाग आहेत, जसे आपल्याकडे तानेवरून घराणं ओळखतात.

इथल्या जुन्या जाणत्यांना दोन विनंत्या. हे कुठलं मशीन असेल? आणि तुमच्या किंवा तुमच्या घरच्यांच्या काही आठवणी असतील तर लिहा.

---

सोनटक्का | शनिवार, रात्री १०:३२

मस्त धागा. फोटो कुठायत?

---

गॅरेजमास्तर | शनिवार, रात्री १०:४०

फोटो चढत नाहीयेत. मशीनपेक्षा माझा फोन जुना आहे.

---

वेल्समधला_वाटसरू | शनिवार, रात्री ११:२०

या विषयावर कुणी मराठीत बोलेल असं वाटलं नव्हतं! मी नोकरीनिमित्त नऊ वर्षं दक्षिण वेल्समध्ये होतो, मर्थर टिडफिलपासून जवळ. एकेकाळी लोखंड आणि कोळशावर जगाला हलवणारं गाव. ते धंदे बसले आणि महायुद्धानंतर तिथे हूवरचा वॉशिंग मशीनचा कारखाना आला, ऑक्टोबर १९४८ मध्ये. भरभराटीच्या काळात तिथे जवळपास ५००० माणसं कामाला होती. गावात साठीच्या पुढच्या कुणाशीही बोला, घरातलं एक तरी माणूस "हूवर्समध्ये" असायचंच.

तिथलं पहिलं मशीन ०३०७ या क्रमांकाचं. आजच्या डोळ्यांना ते खेळणंच वाटेल. कमरेएवढी चौकोनी टाकी, एका बाजूच्या भिंतीला फिरणारी चकती, आणि वर हाताने फिरवायचे दोन रबरी रूळ, म्हणजेच मँगल. टाकीत पाणी घाला, साबण घाला, चार-पाच मिनिटं चकती फिरू द्या, मग कपडे एकेक करून रुळांतून काढा. आपल्या रसवंतीतला चरक डोळ्यांसमोर आणा, ऊस नाही तर उशीचा अभ्रा. काम झालं की रूळ आत दुमडायचे, झाकण लावायचं, मशीन ओट्याखाली सरकवायचं. तिथली स्वयंपाकघरं टीचभर, त्यामुळे हे दुमडणं फार महत्त्वाचं. आणि ते आलं तेव्हा ब्रिटनमध्ये साबणसुद्धा रेशनवर होता, तो १९५० मध्ये सुटला.

कारखान्यातलं उत्पादन मार्च २००९ मध्ये थांबलं. मी गेलो तेव्हा भल्यामोठ्या इमारती रिकाम्या उभ्या होत्या.

जाता जाता, क्लाइव्ह सिंक्लेअरची ती प्रसिद्ध फसलेली तीनचाकी, सी-५, जानेवारी १९८५ मध्ये आली, तिची जुळणीही याच कारखान्यात व्हायची. म्हणून अख्ख्या ब्रिटनमध्ये वावडी उठली की तिला वॉशिंग मशीनची मोटर बसवलीय. साफ खोटं. मोटर इटलीहून यायची. पण विनोद इतका चांगला होता की खऱ्याला कुणी विचारलं नाही.

---

ओहमचा_भाचा | रविवार, सकाळी ८:०५

गॅरेजमास्तर, मधोमध रवी आहे म्हणताय, म्हणजे हूवर बाद. हूवरमॅटिक ट्विन टबमध्ये फिरणारी चकती टबच्या भिंतीत असते आणि पाण्याचा भोवरा आडवा उठतो. मधला उभा खांब, तोही पूर्ण न फिरता मागेपुढे झोके घेणारा, याला ॲजिटेटर म्हणतात. हॉटपॉइंटच्या ट्विन टबमध्ये तो असायचा, पण तेवढ्यावरून शिक्का मारता येणार नाही, इतरांनीही वापरलाय.

साल काढायची एक सोपी युक्ती सांगतो. मागचं झाकण उघडा आणि मूळच्या वायरचे रंग बघा. लाल, काळा, हिरवा असेल तर १९७० च्या आधीचं. ब्रिटनने १९७० च्या सुमारास उपकरणांच्या वायरींसाठी तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा हे रंग सक्तीचे केले. (मध्येच कुणी वायर बदलली असेल तर युक्ती फसते, तेव्हा आतल्या जोडण्या बघा.)

आणि प्लग लावायच्या आधी तीन गोष्टी. एक, मोटरचा जुना कपॅसिटर काढून टाका. त्या काळच्या कपॅसिटरमधलं तेल विषारी असू शकतं, गळत असेल तर हातमोज्यांशिवाय शिवू नका. दोन, अर्थिंग तपासा. पत्र्याचं मशीन, आत पाणी, खाली गॅरेजची फरशी, आणि चाळीस-पन्नास वर्षांत वायरचं रबर बिस्किटासारखं झालेलं असतं. तीन, गळती ओळखून वीज तोडणारा आरसीडी लावल्याशिवाय चालूच करू नका. नाहीतर हा धागा दुसऱ्या कुणाला तरी पुढे न्यावा लागेल.

---

गॅरेजमास्तर | रविवार, सकाळी ९:५०

लाल-काळा-हिरवा! म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठं. यापुढे "अहो मशीन" म्हणतो.

---

नऊवारी_नात | रविवार, सकाळी ११:१५

चरकावरून आमच्या घरातली दंतकथा. माझी आत्या १९६५ साली बर्मिंगहॅमला गेली. भाड्याच्या घरात घरमालकिणीचं हाताने फिरवायच्या रुळांचं मशीन होतं. पुढच्या वर्षी तिच्या सासूबाई आल्या, सोलापूरच्या, नऊवारी नेसणाऱ्या. परक्या मुलखात धुणं स्वतःच धुणार हा हट्ट. आत्याने शिकवलं : एक टोक रुळात द्यायचं आणि दांडा फिरवायचा. सासूबाईंनी दिलं. पण पलीकडून बाहेर येणारं टोक धरायला कुणी नव्हतं. ते टोक खालच्या रुळाला चिकटलं, गुंडाळून पुन्हा वर आलं, आणि नऊ वार साडी त्या दोन रुळांवर अशी बसली की दांडा पुढेही जाईना आणि मागेही. आत्या वरचा स्क्रू सैल करून एकेक वेढा सोडवतेय आणि सासूबाई शेजारी उभ्या राहून म्हणतायत, "आमच्या नदीवर असलं काही होत नाही."

ब्लाउजचे हूक तर त्यातून दातांसारखे वाकून बाहेर यायचे. इंग्लिश बायका शर्टाची बटणं आतल्या बाजूला दुमडून कपडा रुळात द्यायच्या, ही क्लृप्ती आत्याला बऱ्याच उशिरा कळली.

---

क्रिकलवूडकर | रविवार, दुपारी १:४०

ट्विन टबचा इतिहास जॉन ब्लूमशिवाय पुरा होत नाही. उत्तर लंडनमध्ये डॉलिस हिलला आपल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे (मंडळ १९३२ चं). तिथून चालत क्रिकलवूड ब्रॉडवेवर या. तिथेच रोल्स रेझर नावाची कंपनी होती. नावाप्रमाणे मूळची दाढीच्या वस्तऱ्यांची. गाडीवाल्या रोल्सशी संबंध काही नाही, पण गिऱ्हाइकाचा तसा समज झाला तर कुणी दुरुस्त करायला जात नसे.

ब्लूम हा लंडनच्या ईस्ट एंडचा पोरगेला विक्रेता. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्याच्या लक्षात आलं की दुकानात ट्विन टब महाग पडतो तो दुकानदाराच्या कमिशनमुळे. मग त्याने दुकानच मधून काढून टाकलं. आधी हॉलंडहून मशिनं मागवली, मग रोल्स रेझर ताब्यात घेऊन इथेच बनवायला लागला. वर्तमानपत्रात पानभर जाहिरात, खाली कूपन, किंमत ३९ गिनी. कूपन भरून पाठवलं की विक्रेता मशीन घेऊन थेट दारात. गिनी म्हणजे २१ शिलिंग, त्यामुळे ३९ गिनी म्हणजे ४१ पौंडांना एक शिलिंग कमी. नामांकित कंपन्यांच्या जवळपास निम्मी किंमत! पण दारात आलेला माणूस ३९ गिनीचं मशीन दाखवता दाखवता महागातल्या मॉडेलकडे असा वळवायचा की बाई सही करूनच उठायची. पैसे हप्त्याने. इंग्लिश लोक हप्त्याला तेव्हा "नेव्हर-नेव्हर" म्हणायचे, कारण ते कधी फिटायचेच नाहीत.

दोन-तीन वर्षं देशात "वॉशिंग मशीनचं युद्ध" चाललं. जुन्या कंपन्यांना भाव खाली आणावे लागले. ब्लूमने मशीनबरोबर बल्गेरियाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या स्वस्त सहली विकायला घेतल्या. आणि जुलै १९६४ मध्ये रोल्स रेझर बुडाली. जाहिरातींचा खर्च अफाट आणि मशीनमागे सुटणारा नफा चिमूटभर.

माझं मत : माणूस धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण कामगार वस्तीतल्या स्वयंपाकघरात पिळायचं यंत्र इतक्या लवकर पोचलं, त्यात त्याचा वाटा मोठा होता.

---

शेवंती | रविवार, दुपारी ३:०५

सगळं छान आहे. पण एक विचारू का? या धाग्यावर आत्तापर्यंत मशीनची आठवण काढणारे बहुतेक पुरुष आहेत. ज्या बायकांनी लाकडी चिमट्याने वाफाळत्या पाण्यातून चादरी उचलून शेजारच्या टबात टाकल्या, त्या धागे काढत नाहीत.

माझ्या चुलतसासूबाई लेस्टरला असत. त्यांचा ट्विन टबचा दिवस असा. मशीन ओट्याखालून ओढून काढा. नळाला पाइप लावा. तो निसटून अंगावर पाणी. पाणी तापेपर्यंत थांबा. पांढरे कपडे दहा मिनिटं. चिमट्याने बाहेर. पिळायच्या टबात नीट दाबून बसवा, नाहीतर मशीन थयथयाट करणार. विसळायचं पाणी. परत पिळा. तोवर रंगीत कपडे पहिल्याच साबणपाण्यात. शेवटी त्याच काळ्या पाण्यात कारखान्याचे डगले. सकाळी नवाला सुरू केलेलं जेवणाच्या वेळी संपायचं, आणि पूर्ण वेळ मशीनसमोर उभं. मध्ये बाळ रडलं तर बाळ रडत राहणार.

त्यांच्याकडे १९७८ मध्ये ऑटोमॅटिक आलं तेव्हा त्या पहिल्या दिवशी मशीनसमोर खुर्ची टाकून बसल्या. प्रेमाने नव्हे हो. हे खरंच आपलं आपण करतंय यावर विश्वास बसत नव्हता म्हणून.

---

सोनटक्का | रविवार, दुपारी ३:२०

शेवंती, +१००. आता धागा रंगणार.

---

ओहमचा_भाचा | रविवार, संध्याकाळी ५:३०

शेवंतीताई, मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्यासारख्यांचं प्रेम यंत्रावरचं आहे, धुण्यावरचं नाही. पण यंत्राचीही एक बाजू मांडू द्या.

बऱ्याच ट्विन टबांत पिळायचा टब थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेला असतो. ५० हर्ट्झवर दोन ध्रुवांची इंडक्शन मोटर मिनिटाला ३००० पेक्षा थोडी कमी फिरते, समजा २८००. आजचं दारवालं मशीन १४०० चं. लोक म्हणतील, मग दुप्पट कोरडं. हिशोब तितका सरळ नाही. कपड्यातलं पाणी बाहेर ओढणारा जोर त्रिज्येच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ट्विन टबच्या पिळायच्या टबाची त्रिज्या आजच्या ड्रमच्या साधारण निम्मी. म्हणजे वेगाने चौपट कमावलं, त्रिज्येने अर्धं गमावलं. तरीही दुप्पट! इंग्लंडच्या नोव्हेंबरात, जिथे दोरीवरचा टॉवेल तीन दिवस ओला राहतो, तिथे ही चैन नव्हे, गरज होती.

शिवाय त्या इंडक्शन मोटरला कार्बन ब्रश नाहीत. झिजायला मुख्यतः बेअरिंग, तेही बदलता येतं. पुढे ऑटोमॅटिक आली तेव्हा एकाच ड्रमला हळू धुवायचं आणि जोरात पिळायचं अशी दोन्ही कामं करायची होती, म्हणून बहुतेकांनी ब्रशवाल्या मोटरी घेतल्या. एकत्र कुटुंबाचं विभक्त झालं की भांडी कमी लागतात, पण प्रत्येक भांड्याला सगळं करावं लागतं, तसं काहीसं. (उपमा जमली नाही. राहू दे.)

---

निवृत्त_डॉक्टर | रविवार, रात्री ८:१०

मी १९७२ साली लँकशायरमधील एका इस्पितळात रुजू झालो. आमच्यासारख्या कनिष्ठ डॉक्टरांच्या निवासात कपडे धुण्याची सोय म्हणजे एक मोठे सिंक आणि सदिच्छा. त्यामुळे रविवारी सकाळी आम्ही चौघे भारतीय डॉक्टर उशांच्या अभ्र्यांत कपडे भरून लॉन्ड्रेटमध्ये जात असू. नाणे टाकायचे, मशीन सुरू करायचे आणि समोरच्या बाकावर बसून काचेतून आपलेच पायजमे फिरताना पाहायचे. थंडीच्या दिवसांत गावातली सर्वांत ऊबदार जागा तीच. माझ्या पहिल्या परीक्षेचा बराचसा अभ्यास मी ड्रायरच्या शेजारी बसून केला.

ब्रिटनमधले पहिले असे दुकान लंडनमध्ये क्वीन्सवे येथे मे १९४९ मध्ये सुरू झाले, असे मला नंतर कळले. तिथली यंत्रे बेंडिक्सची होती. जुनी बेंडिक्स चक्क बोल्टने जमिनीला जखडावी लागत, कारण हादरे शोषणारी स्प्रिंगची टांगणी त्यांत नसे. पुढच्या काळात कंपन्यांनी टबाला काँक्रीटचे ठोकळे बांधले आणि यंत्र स्वतःच्या वजनाने जागेवर बसू लागले.

गावातल्या वृद्ध स्त्रियांकडून मी सोमवारविषयी ऐकले. सोमवार धुण्याचा. रविवारचे भाजलेले मांस सोमवारी थंडच खायचे, कारण चूल आणि गृहिणी दोघींनाही धुण्यापुढे सवड नसे. त्यांच्या आयांच्या काळी मशीन नव्हतेच. तांब्याच्या हंड्यात कपडे उकळायचे, मग पिपात घालून 'डॉली'ने घुसळायचे. ही डॉली म्हणजे लांब दांड्याला खाली चार-पाच पाय. आपली ताक करायची रवीच, फक्त माणसाच्या उंचीची. गॅरेजमास्तरांच्या यंत्रातील खांब हा त्या डॉलीचाच वंशज म्हणायला हरकत नाही.

---

नऊवारी_नात | रविवार, रात्री ८:४५

डॉक्टरकाका, किती छान लिहिलंत! अजून लिहा.

आणि नीळ! शेवटच्या पाण्यात निळीची पुरचुंडी फिरवायची पद्धत तिकडेही होती. हलच्या रेकिट कंपनीची नीळ तिकडे घरोघर, आणि इकडे माझी आजी जी रॉबिन नीळ वापरायची ती त्याच रेकिटची. म्हणजे सोलापूरची धोतरं आणि लँकशायरच्या चादरी एकाच घरच्या निळीने पांढऱ्या दिसायच्या. ही गंमत आत्ता लक्षात आली.

---

चितेगावचा | रविवार, रात्री १०:००

लोकहो, तुम्ही ज्याला म्युझियममध्ये ठेवताय ते आमच्याकडे मागच्या गॅलरीत रोज चालतं. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्विन टबच की! मी छत्रपती संभाजीनगरचा. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, अर्धी गल्ली तिथे कामाला असायची. एका पिढीने मशीन पहिल्यांदा पाहिलं ते याच रूपात, फक्त पत्र्याऐवजी प्लॅस्टिक आणि पाणी तापवायची भानगड नाही.

आणि ते अजून का विकलं जातं ते सांगतो. नळाला पाणी दिवसाआड. ऑटोमॅटिकला नळाचा दाब लागतो, यात बादलीने भरा. एकाच साबणपाण्यात तीन घाणे. वरचं पाणी बाथरूम धुवायला. वीज गेली तर थांबतं आणि आली की तिथूनच पुढे. शेवंतीताई म्हणतात ते कष्ट खरेच, माझी आई अजून करते. पण तिला ऑटोमॅटिक घेऊन दिलं तर म्हणाली, "त्याला दार लावून आत काय करतं ते दिसत नाही." आठवड्याने पुन्हा जुन्यावर. ऑटोमॅटिकवर आता लोणच्याच्या बरण्या असतात.

---

शेवंती | रविवार, रात्री १०:२५

चितेगावचा, बरण्यांवर हसले. पण आईंना एकदा विचारा, त्या मशीनकडे बघतात की मशीन त्यांना उभं ठेवतं.

---

वेल्समधला_वाटसरू | सोमवार, दुपारी १२:३०

(सोमवार! धुण्याचा दिवस!)

संग्राहकांविषयी थोडं. त्यांच्यात जातीपाती आहेत. ट्विन टबवाले वेगळे, सुरुवातीच्या ऑटोमॅटिकवाले वेगळे. दुसऱ्या गटाचं दैवत म्हणजे १९६० च्या दशकातलं हूवर कीमॅटिक. त्यात बटण फिरवून प्रोग्रॅम लावायचा नाही. खाचा असलेली एक प्लॅस्टिकची पट्टी मिळायची, तिची हवी ती कड मशीनच्या फटीत खुपसायची. कड बदलली की धुण्याची तऱ्हा बदलली. आता मशीन मिळतं पण पट्टी मिळत नाही, आणि पट्टीशिवाय मशीन म्हणजे चावी हरवलेली तिजोरी.

डार्लस्टनच्या 'सर्व्हिस' (Servis) या ब्रँडचे भक्तही कट्टर. त्यांची मूळ कंपनी विल्किन्स अँड मिचेल, पत्रा ठोकायचे मोठे प्रेस बनवणारी. १९२९ पासून त्यांनी मशिनं काढली. प्रेसवाल्यांनी बनवलेला पत्रा, तो उचलताना कळतो.

मग १९७० च्या दशकात इटालियन मशिनं आली, झानुसी, इंडेसिट, कमी किमतीत दारवाली ऑटोमॅटिक. इंग्लिश कंपन्या हळूहळू विकल्या गेल्या. हूवरचा युरोपातला धंदासुद्धा १९९५ मध्ये इटलीच्या कँडीकडे गेला. त्याआधी १९९२ मध्ये त्यांनी १०० पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन तिकिटं फुकट द्यायची योजना काढली आणि हात पोळून घेतले. लोकांना मशीन नको होतं, अमेरिका हवी होती!

---

क्रिकलवूडकर | सोमवार, दुपारी १:१५

पश्चिम लंडनमध्ये पेरिव्हेलला हूवरची पांढरीशुभ्र जुनी इमारत अजून आहे, १९३३ ची. व्हॅक्यूम क्लीनरचा कारखाना होता. १९९२ पासून मागच्या भागात टेस्को. आम्ही तिथून भाजी आणतो. मुलं म्हणतात राजवाड्यातली कोथिंबीर.

---

गॅरेजमास्तर | पुढचा शनिवार, रात्री ९:०५

अपडेट.

ओहमच्या भाच्याचं सगळं ऐकलं. कपॅसिटर नवा, पट्टा नवा, पाणी सोडायचा रबरी पाइप हातात घेतल्यावर चुरा झाला म्हणून तोही नवा. आरसीडी लावली. बिल्ला नाहीच, त्यामुळे मशीन अजून बेवारशी आहे आणि मला ते आवडायला लागलंय.

आज दुपारी पहिल्यांदा पाणी भरलं. बटण फिरवलं. आधी नुसती गुणगुण, मग रवीने एक झोका घेतला, मग दुसरा. घुसळ-घुसळ, घुसळ-घुसळ. फेस वर यायला लागला. मी, आमचा आठ वर्षांचा मुलगा आणि (लिहून ठेवा) माझी बायको, तिघंही टबावर वाकून बघत होतो. मुलाने विचारलं, "याचं झाकण उघडं असतानाही चालतं? रागवत नाही?" आमच्या घरातलं मशीन दार कुलूपबंद करून दोन तास चाळीस मिनिटं सांगतं आणि बरोबर नसेल तर पिपाण्या वाजवतं. त्याला मशीन म्हणजे तेवढंच माहीत.

पिळायचा टब सुरू केला तो आवाज मात्र भिंतीपलीकडे गेला. पाच मिनिटांत आजीबाई दारात. हातात लाकडी चिमटा! ५०-५५ वर्षांपूर्वीचा, टोकाला पांढराफटक पडलेला. वरच्या फडताळातले डबे काढायला त्या तो अजून वापरतात म्हणे. मी शेवंतीताईंचा प्रश्न त्यांना सरळ विचारला, "तुम्हाला त्या दिवसांची आठवण येते का?" म्हणाल्या, "कसली आठवण? सोमवारी मला एकच हवं असायचं, ते संपायला." तेव्हा शेवंतीताई, तुमचा विजय.

पण मग त्यांनी पिळायचा टब उघडला, माझे टॉवेल बघून मान हलवली, सगळे बाहेर काढले आणि कडेकडेने वर्तुळात दाबून पुन्हा बसवले. वर ठेवायची रबरी चकती कुठे आहे म्हणून विचारलं. ती नाही म्हटल्यावर स्वतःच्या गॅरेजमध्ये परत जाऊन, त्यांच्या मुलाने टाकायला काढलेल्या खोक्यातून ती शोधून आणली. या खेपेला मशीन जरासुद्धा थरथरलं नाही. टब पूर्ण थांबेपर्यंत त्या झाकणावर हात ठेवून उभ्या होत्या. "थांबल्याशिवाय हात घालायचा नाही," हे आमच्या मुलाला दोनदा सांगितलं.

पुढच्या शनिवारी चहाला येतायत. पांढरे कपडे आधी, असं बजावून गेल्यात.

---

ओहमचा_भाचा | शनिवार, रात्री ९:२०

रबरी चकती मिळाली? नशीबवान आहात. लोक वर्षानुवर्षं शोधतात.

---

शेवंती | शनिवार, रात्री ९:४५

विजय वगैरे काही नाही. पण त्यांना चहाबरोबर खुर्चीही द्या. आणि टॉवेल तुम्ही बसवा, त्यांना बघू दे.

---

नऊवारी_नात | शनिवार, रात्री १०:१०

सगळं खरं, पण मुख्य प्रश्न राहिलाच. त्या रवीत नऊवारी घालून बघितली का?

---

गॅरेजमास्तर | शनिवार, रात्री १०:१२

बायको म्हणते, आधी तुमचं धोतर.